नोकरी सोडू नकोस. आजींच्या मुलाला मात्र फोन कर

पत्र: मी २९ वर्षांची आहे, सांगली जिल्ह्यात राहते. अर्थशास्त्रात एम.ए. केलंय आणि एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात नोकरी करते. २०१९ च्या महापुरात शाळेतल्या निवारा केंद्रात मी एका आजींचा फोटो काढला होता. ओलं गाठोडं मांडीवर घेऊन त्या भिंतीकडे बघत बसल्या होत्या. गेल्या वर्षी तो एका स्पर्धेला पाठवला, बक्षीस मिळालं, आमच्या इथल्या पेपरातही छापून आला. मग आजींच्या मुलाचा फोन आला. ‘आमच्या आईच्या पडत्या काळावर तुम्ही बक्षीस मिळवलंत. तिला विचारलं होतं का?’ मी विचारलं नव्हतं. तेव्हापासून कॅमेरा कपाटात आहे. दुसरीकडे, ब्राझीलचे फोटोग्राफर सेबास्तियाव साल्गादो गेले तेव्हा त्यांच्याविषयी बरंच वाचलं. तेही अर्थशास्त्राचेच, तेही नोकरी सोडून या कामात आले. नोकरी सोडू का? या कामात पोट भरतं का? आणि आजींचा मुलगा म्हणाला ते खरं आहे का? आई म्हणते, आधी लग्नाचं बघ, मग काढ काय फोटो काढायचे ते.
– कृष्णाकाठ

प्रिय कृष्णाकाठ,

आईच्या वाक्यात मी पडत नाही, ते तुम्ही मायलेकी घरात निस्तरा. उरलेल्या तीन प्रश्नांतला शेवटचा आधी घेते. तो सुटला नाही तर पहिल्या दोघांची उत्तरं घेऊन तू करणार काय? (एकेरीत लिहितेय. वर्तमानपत्राच्या फोटो टेबलवर आयुष्य गेलं, तुझ्या वयाच्या सगळ्यांना असंच हाकारत आलेय.)

मुलगा म्हणाला ते खरं आहे. पण तेवढ्यानं कॅमेरा कपाटात जात नाही. हीच तक्रार याआधी एका फार प्रसिद्ध फोटोबद्दल झालेली आहे, ती ऐक.

मार्च १९३६. कॅलिफोर्नियातल्या निपोमो गावाजवळ वाटाणा तोडणाऱ्या मजुरांचा तळ पडला होता. गारठ्यानं पीक गेलेलं, त्यामुळे हाताला काम नाही. सरकारी खात्यासाठी फोटो काढणाऱ्या डोरोथिया लँग दौरा आटपून घरी निघाल्या होत्या. रस्त्यावरची तळाची पाटी बघून त्या वीसेक मैल पुढे गेल्या, मन स्वस्थ बसेना म्हणून परत फिरल्या. कापडी झोपडीत मुलांना कुशीत घेऊन बसलेल्या एका बाईचे त्यांनी मोजके फोटो काढले आणि त्या निघून आल्या. बाईचं नाव विचारलं नाही, हे लँगबाईंनी स्वतःच पुढे लिहून ठेवलंय. फोटो सॅन फ्रान्सिस्कोच्या पेपरात आले आणि सरकारनं त्या तळावर सुमारे २० हजार पौंड अन्न धाडलं. म्हणजे फोटोनं काम केलं. फक्त अन्न पोचेपर्यंत ती बाई मुलांना घेऊन कामाच्या शोधात पुढे गेली होती.

बाईचं नाव जगाला कळायला १९७८ साल उजाडलं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन. त्या फोटोचा आपल्याला एक पैसाही मिळाला नाही, तो काढलाच नसता तर बरं झालं असतं, असं त्यांनी तेव्हा सांगितलं. लँगबाईंनाही त्यातून रॉयल्टी मिळाली नव्हती. फोटो सरकारी, म्हणून सगळ्यांना फुकट वापरायला मोकळा. तरी नाव लँगबाईंचं झालं आणि चेहरा मात्र थॉम्पसनबाईंचा राहिला, गरिबीचा कायमचा शिक्का बसलेला. १९८३ साली त्या आजारी पडल्या तेव्हा मुलांनी लोकांपुढे हात पसरले आणि ३५ हजार डॉलरहून जास्त रक्कम जमली. पैशांबरोबर पत्रंही आली. आपल्या आईच्या त्या फोटोनं परक्या माणसांना किती धीर दिला हे वाचून मुलांच्या मनातली अढी बरीच सैलावली.

तुझ्या आजींच्या मुलानं फोन केला, हे त्या मानानं लवकर झालं. थॉम्पसनबाईंना आपलं म्हणणं मांडायला चाळीसहून जास्त वर्षं लागली.

आता तू त्याला उलटा फोन कर. ‘येऊ का?’ एवढंच विचार. जाताना कॅमेरा नेऊ नकोस, फोटोची चांगली प्रिंट ने. आजी असतील तर बोलणं आजींशी, कारण फोटो त्यांचा आहे, मुलाचा नाही. त्या रुसलेल्याच असतील असं गृहीत धरू नकोस आणि खूश होतील असंही नको. बक्षिसाच्या रकमेचा विषय पहिल्या भेटीत काढलास तर सौदा करायला आल्यासारखं दिसेल. तो विषय त्यांनी काढला तर बोल. आणि फोटो नको म्हणाल्या तर तो काढून टाक. तुझ्या इन्स्टाग्रामवरून, स्पर्धेच्या संकेतस्थळावरून, सगळीकडून. त्यासाठी आयोजकांना लेखी कळव.

‘आता बाहेर गेलेला फोटो कुठे मागे येतो?’ असं तू म्हणशील. येतो. युजीन स्मिथ आणि आयलीन स्मिथ हे फोटोग्राफर जोडपं १९७१ पासून काही वर्षं जपानच्या मिनामाता गावात राहिलं होतं. तिथे चिसो कंपनीनं खाडीत सोडलेल्या पाऱ्यामुळे माणसं पिढ्यान्‌पिढ्या पंगू झाली. तोमोको ही जन्मापासून ते विष अंगात घेऊन आलेली मुलगी. तिची आई तिला पाण्यात धरून अंघोळ घालते आहे, हा त्यांचा फोटो जगभर गेला, आणि मिनामाताचं दुःख लोकांना समजलं ते बरंचसं त्या एका फोटोमुळे. मुलगी १९७७ मध्ये गेली. पुढे वीसेक वर्षांनी आईवडील म्हणाले, आता तिला विसावू द्या. आयलीनबाईंनी १९९८ मध्ये त्या फोटोचं काय करायचं हे ठरवायचा हक्क आईवडिलांच्या हाती दिला आणि तो फोटो नव्यानं छापायला देणं बंद केलं. स्मिथ जोडप्याचा सगळ्यात गाजलेला फोटो! त्यामुळे तुझ्या जिल्हा पातळीवरच्या बक्षिसाचं फार मनाला लावून घेऊ नकोस.

आणखी एक गोष्ट, पुढच्या पुरासाठी. निवारा केंद्रात घेतलेल्या परवानगीवर फारसा भरवसा ठेवू नये. तुझ्या गळ्यात कॅमेरा, शेजारी खिचडी वाढणारे कार्यकर्ते. समोरच्या बाईला वाटतं तूही त्यांच्यातलीच, ‘नको’ म्हटलं तर ताट चुकेल. ती मान हलवते. त्या मानेला होकार समजायचं नाही. महिन्याभरानं, ती आपल्या घरात चिखल काढत असताना जाऊन विचार, तेव्हा खरं उत्तर मिळतं. तोवर फोटो स्वतःपाशी ठेवायचा. दैनिकाला एवढी सवड नसते हे मला ठाऊक आहे, पण तू दैनिकात नाहीस, तर त्याचा फायदा घे. लहान मुलांच्या बाबतीत तर कायदाही कडक आहे. अत्याचाराला बळी पडलेल्या मुलाची ओळख पटेल असं काहीही छापणं पॉक्सो कायद्यानं गुन्हा आहे.

आता साल्गादो.

त्यांची गोष्ट आपल्याकडे ‘नोकरीवर लाथ मारली आणि जग जिंकलं’ अशी सांगतात. मला ती तशी सांगितलेली आवडत नाही. लष्करी राजवटीमुळे १९६९ मध्ये ब्राझील सोडून हा माणूस बायको लेलियाबरोबर पॅरिसला आला. लंडनच्या आंतरराष्ट्रीय कॉफी संघटनेत अर्थतज्ज्ञ म्हणून लागला. कामानिमित्त आफ्रिकेत जायचा, तेव्हा लेलियाचा कॅमेरा बरोबर असायचा. तो तिनं वास्तुरचनेच्या अभ्यासासाठी घेतला होता. १९७३ मध्ये नोकरी सोडली, हे खरं. पण तेव्हा लेलिया पाठीशी उभी होती, आणि पुढे पन्नास वर्षं पुस्तकांची रचना, संपादन, प्रदर्शनं, संस्थेचा कारभार तिनंच सांभाळला. दोन मुलं, त्यातल्या धाकट्याला डाऊन सिंड्रोम, नवरा महिनोन्‌महिने परदेशात. तुझ्या घरात लेलिया कोण आहे, याचं उत्तर राजीनाम्याच्या आधी शोध.

आणि पैसे? मोठमोठ्या फोटो एजन्सींसाठी त्यांनी वर्षानुवर्षं रोजची कामं केली. १९८१ साली वॉशिंग्टनमध्ये अध्यक्ष रेगन यांच्यावर गोळीबार झाला तेव्हा साल्गादो रेगन यांच्या पहिल्या शंभर दिवसांचे फोटो काढायच्या नेमून दिलेल्या कामासाठी तिथे हजर होते. ते फोटो जगभर विकले गेले आणि त्या पैशातून आफ्रिकेतल्या कामाला बळ मिळालं. आफ्रिकेतल्या साहेल पट्ट्याच्या दुष्काळात १९८४-८५ मध्ये त्यांनी जे फोटो काढले ते ‘मेदसाँ साँ फ्राँतिएर’ या मदतसंस्थेच्या डॉक्टरांबरोबर हिंडून. डॉक्टरांच्या गाडीत जागा मिळणं ही किती मोठी सोय असते, ते दुष्काळात फिरल्यावर कळतं.

तुझ्या कामाची गोष्ट पुढे आहे. साल्गादोंनी अर्थशास्त्र सोडलं नव्हतं. कामगारांवरचा त्यांचा मोठा प्रकल्प १९८६ ते १९९२ मधला. त्यात ब्राझीलच्या सेरा पेलादा खाणीतल्या चिखलात शिड्यांवरून पोती वाहणारी हजारो माणसं आहेत, आपल्या धनबादचे कोळसा कामगार आहेत, आणि क्युबा-ब्राझीलमधले ऊसतोड कामगारही आहेत. हे विषय कुणी सुचवले म्हणून निवडलेले नाहीत. यंत्रं येणार, हातानं करायची कामं जाणार, हे ज्याला आकड्यांत दिसत होतं त्या माणसानं ती कामं जायच्या आधी गाठली. कॅमेरा शेवटी आला.

त्यांच्यावर टीकाही पुष्कळ झाली. १९९१ मध्ये इन्ग्रिड सिशी यांनी ‘न्यू यॉर्कर’मध्ये लिहिलं की हे दुःख जरा जास्तच देखणं झालंय. पुढे लेखिका सुझन सोन्टॅग यांचा आक्षेप असा की फोटोंतल्या लाचार माणसांना नावंच नाहीत. नाव फक्त फोटोग्राफरचं. पहिला आक्षेप मला पटत नाही. गरीब माणसाचा फोटो काढताना उजेड वाईट पडू द्यायचा, असा काही नियम आहे का? दुसरा मात्र शंभर टक्के पटतो. १९९५ मध्ये त्यांनी आपल्या चर्चगेट स्टेशनचा फोटो काढला. दोन लोकलच्या मधला फलाट, शटर बराच वेळ उघडं, आणि माणसांची वाहती नदी झालेली. तिथे कुणाचं नाव विचारणार? त्या गर्दीला नाव नसणं हाच फोटोचा विषय आहे. पण साहेलमध्ये आईच्या कडेवरच्या मुलाचा एकट्याचा फोटो असतो, तिथे खाली नुसतं देशाचं नाव आणि साल? तिथे माझं मन सोन्टॅगच्या बाजूनं आहे.

याच्या अगदी उलट टोकाला लुईस हाईन. न्यू यॉर्कमधला शाळामास्तर, समाजशास्त्र शिकलेला. १९०८ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय बालकामगार समितीसाठी तो गिरण्या, खाणी, कॅनिंगचे कारखाने पालथे घालत हिंडला. मालक आत घेत नसत, मग कधी विमा एजंट तर कधी बायबल विकणारा होऊन शिरायचा. मुलाशी बोलता बोलता त्याची उंची आपल्या कोटाच्या बटणांवरून मोजायचा. कुठलं बटण जमिनीपासून किती वर हे त्याला पाठ असे. खिशात हात घालून, न बघता, कागदावर टिपून ठेवायचा: नाव, वय, कामाला लागून किती दिवस, पाळी कुठली, मजुरी किती. त्यामुळे फोटो बघून मालक ‘हे आमच्याकडचं नाही’ म्हणाले तर समितीकडे नाव-गाव-तारीख तयार. हाईनच्या फोटोंची ताकद निम्मी त्या ओळींत आहे. बालमजुरीला अमेरिकेत देशभर लगाम घालणारा टिकाऊ कायदा यायला तरी १९३८ उजाडलं. आणि तोवर हाईनला काम मिळेनासं झालं होतं. घर हातचं गेलं, १९४० मध्ये तो कंगाल अवस्थेत वारला. कर्ज विभागात बसतेस म्हणून मुद्दाम सांगतेय.

तेव्हा पोट भरतं का, याचं माझं उत्तर: नुसत्या या कामावर फार थोड्यांचं. वर्तमानपत्रांचे फोटो विभाग आक्रसलेत. उरतात सेवाभावी संस्थांची कामं, एखादी शिष्यवृत्ती, आणि पोटापाण्यासाठी लग्नं-वाढदिवस. संस्थांचं काम वाईट नसतं, पण ते जाहिरातीचं असतं हे ओळखून कर. त्यांना वार्षिक अहवालात हसरी बाई हवी असते, शेजारी त्यांचा फलक. त्यात आणि पत्रकारितेत गल्लत केलीस की दोन्ही बिघडतं. शिवाय कॉपीराइटचा कायदा बघून ठेव. कुणी मोबदला देऊन सांगितलं म्हणून फोटो काढलास तर वेगळा करार नसताना त्याची पहिली मालकी त्या सांगणाऱ्याकडे जाते, तुझ्याकडे राहत नाही. १९५७ च्या कायद्याचं कलम १७. कितीतरी चांगल्या फोटोग्राफरांना हे ठाऊक नसतं, मग आपल्याच फोटोसाठी परवानगी मागत बसतात. सही करायच्या आधी ‘मालकी फोटोग्राफरची, वापर अमुक कामापुरता’ एवढं वाक्य घालून घे.

नोकरी सांभाळून हे होतं का? सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवर केलेलं काम शोधून बघ. मूळचे प्रेस फोटोग्राफर, २०१६ ची पद्मश्री. गटारात उतरणारी माणसं त्यांनी दाखवलीच, पण त्यांची घरं आणि कुटुंबंही दाखवली. एका फेरीत होणारं काम नव्हे ते. दानिश सिद्दिकी हेही जामिया मिलियातून अर्थशास्त्र शिकलेले. रोहिंग्या निर्वासितांच्या फोटोंसाठी रॉयटर्सच्या ज्या चमूला २०१८ चं पुलित्झर मिळालं त्यात ते होते. २०२१ च्या जुलैत अफगाणिस्तानात मारले गेले. अर्थशास्त्राची एवढी माणसं कॅमेऱ्याकडे का येतात कोण जाणे. नोकऱ्या मिळत नसाव्यात.

तर तुझ्याकडे असं काय आहे जे दिल्ली-मुंबईहून येणाऱ्याकडे नाही? ऊस. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बीड, अहिल्यानगर, जालन्याकडच्या ऊसतोड टोळ्या तुमच्याकडे उतरतात आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, कोप्यांत (झोपड्यांत) राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, कोयत्यामागे उचल म्हणजे आगाऊ रक्कम, उचल मुकादमाच्या वहीत, आणि तोडणी-वाहतुकीची कर्जप्रकरणं तुझ्यासारखीच्या टेबलावरून जाणार. या साखळीतला पैसा कुठून कुठे जातो हे तुला कुणी शिकवायला नको. आणि तू बाई आहेस. कोपीत चुलीशी बसून बोलायला तुला मिळेल, पुरुष फोटोग्राफरला बहुतेक मिळणार नाही.

बीडच्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची बातमी २०१९ मध्ये गाजली, राज्य सरकारनं समितीही नेमली. पदरानं तोंड झाकलेल्या बायांचे फोटो तेव्हा पुष्कळ आले. त्यातून एक गोष्ट मात्र दिसत नव्हती: खाडा. एक दिवस कामावर गेलं नाही की त्या कोयत्याच्या हिशेबातून पैसे कापले जातात. पाळीच्या दिवसांत पोट धरून बसायला परवडत नाही, डॉक्टर ‘पिशवी काढून टाका’ म्हणतो, आणि कापलेल्या पैशांपुढे ते सोपं वाटतं. हा खाडा फोटोत कसा आणायचा? मला वाटतं, तो वहीच्या त्या पानात आहे. टोळीतल्या एखाद्या बाईनं स्वतः जपून ठेवलेली छोटी वही असेल, आकडे पोरानं लिहिलेले, कडेला पाचटाचा डाग. ती वही धरलेले हात, आणि खाली हाईनसारखी ओळ. बाईची तयारी असेल तर नावासकट, नसेल तर नाव सोडून बाकी सगळं. चेहरा लागेलच असं नाही. बँकेतल्या कागदाचा फोटो मात्र चुकूनही नको. तो ग्राहकाचा विश्वास आहे, त्यावर तुझा हक्क नाही.

फोटो टेबलवर असताना एप्रिल लागला की डोक्यावर हंडे घेतलेल्या बायका यायच्या, मे महिन्यात भेगाळलेली जमीन, ऑगस्टात छपरावर बसलेलं कुटुंब. देखणे असायचे. पाणी कुठे मुरतंय ते त्यातल्या एकातही नसायचं. तुझा आजींचा फोटो मी पाहिलेला नाही, पण वर्णनावरून तो त्याच रांगेतला वाटतो. रागावू नकोस. कोयत्याची वही त्या रांगेत बसणार नाही.

एक हंगाम पूर्ण बघ. पहिले काही रविवार कॅमेरा न नेता जा. मुकादमालाही भेट, लपूनछपून काही करू नकोस, टोळीत राहायचं त्या बायांना आहे, तुला नाही. अंधारात तोडीवर जाणाऱ्या टोळीबरोबर जायचं तर ओळखीच्या कुटुंबाबरोबर जा आणि घरी सांगून जा. काढलेल्या फोटोंच्या छोट्या प्रिंट पुढच्या फेरीत नेऊन दे. पट्टा पडल्यावर जमलं तर एकदा त्यांच्या गावी जाऊन ये, कारण कोपीतली बाई आणि तिच्या घरातली तीच बाई फार वेगळी दिसते. ‘पारी’ म्हणजे पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेला ग्रामीण भारताचा संग्रह मराठीतूनही निघतो, तिथे मजुरांवरचे फोटोलेख कसे लिहिलेत ते वाच, आणि काम उभं राहिलं की त्यांना लिही.

तब्येतीचं थोडक्यात. रुआंडाचा नरसंहार पाहून साल्गादो इतके खचले की शरीर साथ देईना, डॉक्टरांनी थांबायला सांगितलं. ते आणि लेलिया वडिलांच्या उजाड झालेल्या शेतावर परतले, १९९८ मध्ये संस्था काढून तिथे पुन्हा जंगल उभं केलं. तुला जंगल नको, आठवड्यातून एक दिवस कॅमेऱ्याशिवाय पुरे.

आणि बँकेचं: तुमच्या सेवानियमांत बाहेरच्या मोबदल्याच्या कामाला लेखी परवानगी लागते का ते आधी पाहा. बहुतेक लागतेच. अर्जात ‘छायाचित्रण, बँकेच्या वेळेबाहेर, बँकेच्या ग्राहकांशी संबंध नाही’ असं स्पष्ट लिही आणि पोच घे. सहकारी बँकेत असा कागद किती टेबलं फिरतो ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक, त्यामुळे टोळ्या उतरायची वाट बघू नकोस, अर्ज याच आठवड्यात टाक.